मूल तारण, बाप जामीन

गेल्या फेब्रुवारीत विरार पश्चिमेच्या एका हॉलमध्ये मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. शिक्षणक्षेत्रातल्या होतकरू उद्योजकांनी गुंतवणूकदारांपुढे आपापली पिच मांडायची, प्रत्येकाला सात मिनिटं, मध्ये चहा-वडापाव, शेवटी बक्षीस. सात पिच झाल्या. सातांपैकी तिघांच्या पहिल्या स्लाइडवर एकच मुलगी होती. एकच म्हणजे अक्षरशः तीच: दोन वेण्या, हातात टॅब, बत्तीस दात दिसतील असं हसू. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या फोटोंतून उचललेली. एकानं तिचं नाव अनन्या सांगितलं, दुसऱ्यानं पिंकी, तिसऱ्यानं ‘ग्रामीण भारताची कन्या’. तिघांनाही कळलं नाही की पोरगी तीच आहे, कारण तिच्याकडे कुणी पाहतच नव्हतं. सगळ्यांचं लक्ष तिच्या डोक्यावर छापलेल्या आकड्याकडे होतं: २५ कोटी.

भारतात शाळेत जाणारी मुलं साधारण पंचवीस कोटी, हे खरं आहे. पण हा आकडा पिचमध्ये मुलांची काळजी म्हणून येत नाही, बाजारपेठ म्हणून येतो. पुढचं वाक्य सातही जणांचं सारखंच होतं. यातला एक टक्का जरी आपल्याकडे आला तर...

मी एकतीस वर्षं वसईत एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात काढली. ‘एक टक्का जरी’ म्हणणारे अर्जदार मी पुष्कळ पाहिलेत. आगाशीच्या बागायतदाराला केळीसाठी कर्ज हवं असेल तर तो ‘मुंबईत दोन कोटी लोक आहेत, एक टक्क्यानं माझं एक केळं खाल्लं तरी’ असं सांगत नाही. सांगितलं असतं तर शाखाधिकाऱ्यानं त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. तो सांगतो: इतकी झाडं, इतके घड, दादरचा अमुक व्यापारी उचलतो, पावसानं इतकं झोपवलं तर इतकं उरतं. केळीवाल्याला जे कळतं ते शिक्षणातल्या फाउंडरला का कळू नये? कळतं. पण केळं बोलत नसलं तरी सडतं आणि सडलेलं दिसतं. न शिकलेलं पोर पाच-सात वर्षं दिसत नाही. या धंद्याची सगळी सोय या विलंबात आहे.

बँकेत कर्जाच्या अर्जावर तीन रकाने मुख्य: कर्जदार कोण, तारण काय, जामीन कोण. हॉलमध्ये बसल्या बसल्या मी सवयीनं सातही पिच या रकान्यांत भरून पाहिल्या. कर्जदार फाउंडर. जामीन बाप, कारण दरमहा पैसे तोच भरणार, कंपनी बुडाली तरी हप्ता त्याच्याच पगारातून कापला जाणार. आणि तारण? ते पहिल्या स्लाइडवर हसत होतं.

पिचचं मूल्यमापन कसं करावं यावर आजकाल कार्यशाळा होतात. स्लाइडचा रंग, फॉन्ट, ‘गोष्ट सांगा’, ‘डोळ्यांत पाहा’, ‘समस्या–उपाय–बाजार–टीम’. मला विचाराल तर शिक्षणाच्या पिचमध्ये समस्या सांगणारी स्लाइडच पहिली थाप असते. कारण या धंद्यात शिकतो एक, पैसे भरतो दुसरा, आणि माल बरा की वाईट हे ठरवतो तिसराच, म्हणजे परीक्षा मंडळ किंवा शेजारी. चप्पल चावली तर ज्याच्या पायात ती असते तोच दुकानात परत जातो. इथे चावते पोराला, चप्पल घेतलेली असते बापानं, आणि दुकानदार म्हणतो, पोर चालायचा सराव करत नाही.

वसई-विरारमध्ये हा बाप कोण आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाख बावीस हजार होती. आता नालासोपारा पूर्वेला एका गल्लीतून चालताना वाटतं, तेवढे लोक याच गल्लीत असतील. महापालिका २००९ ची. पण कित्येक वर्षं तिची स्वतःची एक शाळा नव्हती. गावांतल्या शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या आणि नवी वस्ती खाजगी शाळांच्या भरवशावर उभी राहिली. दर जूनमध्ये अनधिकृत शाळांची यादी निघते. शिक्षणहक्क कायद्यानं अशा शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजार असं लिहून ठेवलंय. यादी वाचून पालक हळहळतात आणि पोराला तिथेच पाठवतात, कारण दुसरी शाळा रेल्वेच्या पलीकडे असते.

बाप सकाळी सहाची लोकल पकडतो, आई कुठल्यातरी कारखान्यात किंवा चार घरच्या कामाला. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. रात्री नऊच्या आत घरात मोठं माणूस नसतं. घर एका खोलीचं, भाडेकरार अकरा महिन्यांचा. आणि मोबाइल? घरात चांगला मोबाइल एकच, तोही दिवसभर बापाच्या खिशात, चर्चगेटला. सातपैकी पाच पिच ‘प्रत्येक मुलाच्या हातात वैयक्तिक शिक्षक’ देणाऱ्या ॲपच्या होत्या. मी एकाला विचारलं, ‘संध्याकाळी पाच वाजता फोन कुणाच्या हातात असतो?’ तो म्हणाला, ‘सर, स्मार्टफोनचा प्रसार प्रचंड वाढलाय.’ वाढलाय की! पण तो लोकलमध्ये उभा आहे.

इथल्या आईबापाला संध्याकाळी चार ते आठ हवं असतं एक ठिकाण, जिथे पोर सुरक्षित बसेल आणि कुणीतरी दोन अक्षरं गिरवून घेईल. गल्लोगल्लीच्या गाळ्यांतले क्लास याच गरजेवर चालतात. पिचवाल्यांना ही गरज फार गरीब वाटते. तिला ‘पाळणाघर’ म्हणतात आणि पुढची स्लाइड लावतात, जिच्यावर लिहिलेलं असतं: ‘एआय’.

दुसरी थाप यशोगाथेची. प्रत्येक पिचमध्ये एक पोर असतं, ज्याचे गुण चाळीसवरून ब्याण्णव झाले. या प्रकाराचा कळस आपण २०२० मध्ये पाहिला. मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियरच्या जाहिरातींत वुल्फ गुप्ता नावाचा एक पोरगा होता. कोडिंग शिकला आणि गुगलनं त्याला कोट्यवधींची नोकरी दिली म्हणे. जाहिरातीगणिक त्याचं वय बदलायचं, पगारही बदलायचा. न बदलणारी गोष्ट एकच, तो पोरगा जगात नव्हता. जाहिरात परिषदेला मध्ये पडावं लागलं, कंपनीनं जाहिराती मागे घेतल्या. आणि त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, बायजूजनं ही कंपनी तीस कोटी डॉलर रोख मोजून विकत घेतली. आमच्या बँकेत खोटा सातबारा जोडला तर फौजदारी व्हायची. इथे खोटं पोर जोडलं आणि भाव आला.

बायजूजबद्दल आता मेलेल्या म्हशीला सगळेच काठी मारतात. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो त्या पिचला हो म्हणणाऱ्यांत. २०२२ मध्ये या कंपनीची किंमत बावीस अब्ज डॉलर ठरवली गेली, ती कुणा भोळ्या पालकानं ठरवली नव्हती. जगातले शहाणे फंड टेबलाच्या पलीकडे बसले होते. २०२०-२१ चे हिशेब दीड वर्ष लांबले आणि आले तेव्हा तोटा होता सुमारे साडेचार हजार कोटी. त्याच्या पुढच्या वर्षीचा तोटा आठ हजार दोनशे कोटींच्या वर. हिशेब लांबण्यामागे एक कारण कर्जविभागातल्या कुठल्याही कारकुनाला कळेल असं होतं: अनेक वर्षांच्या शिकवणीचे पैसे कोणत्या वर्षाच्या जमेला धरायचे? पोर आज नाव घालतं, शिकणार तीन वर्षं, आणि वही म्हणते सगळं आजच कमावलं. हिशेबाची पद्धत बदलली तशी जमा आकसली. केळीचा घड लागायच्या आधी विकला असं लिहिणाऱ्याला वाघोलीत काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

आणि जामीन? पालकांनी सही केली ती शिकवणीची फी म्हणून. पुढे कळलं की ते एका वित्तसंस्थेचं कर्ज होतं. तक्रारी इतक्या झाल्या की डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानं कंपनीच्या प्रमुखांना बोलावणं धाडलं. बालहक्क आयोग! कर्जवसुलीच्या तक्रारीत बालहक्क आयोग यावा यातच या धंद्याचं स्वरूप आलं. त्याच महिन्यात कतारच्या फुटबॉल विश्वचषकात मैदानाच्या कडेला कंपनीची पाटी झळकत होती. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला, गुंतवणूकदारांचे तीन संचालक उठून गेले. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. थकबाकी कशाची, तर जर्सीवरच्या नावाची. पोरांच्या शिकण्याशी संबंध असलेल्या एकाही देण्यावरून नव्हे.

‘ती एकच कंपनी वाईट निघाली’ असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचीच दोन उदाहरणं. २०१९ मध्ये सुरू झालेली लिडो लर्निंग २०२२ च्या फेब्रुवारीत बंद पडली. महेश ट्युटोरियल्सची एमटी एज्युकेअर ही तर जुनी, वर्गात फळ्यावर शिकवून नाव कमावलेली संस्था. २०१२ मध्ये शेअर बाजारात आली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तीही दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात पोचली. तिची कहाणी वेगळी, कारणं वेगळी. पण गाळ्यात चालणारी चीज वाढत्या तिमाहीच्या चाकाला बांधली की तिची ओढाताण होते, हे दोन्हीकडे दिसतं.

याचं एक साधं गणित आहे आणि ते कुठल्याच पिचमध्ये नसतं. गुंतवणूक फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षं. घातलेले पैसे पाच-सात वर्षांत फुगवून बाहेर काढायचे असतात. पोराला पहिलीतून दहावीला पोचायला दहा वर्षं लागतात. म्हणजे पोर पाचवी-सहावीत असताना फंड बाहेर पडणार. त्याला दहावीच्या निकालाशी काय देणंघेणं? तो बाहेर पडायच्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाला जे दाखवता येईल तेच वाढवणार: नावनोंदणी, डाउनलोड, ‘एंगेजमेंट’. हे दुष्टपणानं होत नाही, मुदतीनं होतं. जशी मुदत तसं कर्ज, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवत. विहिरीसाठी वर्षाच्या मुदतीचं कर्ज दिलं तर शेतकरी विहीर खणत नाही, खड्डा खणतो.

आता माझंही एक थडगं उकरतो, नाहीतर म्हाताऱ्याला बोलायला काय जातं असं कुणी म्हणेल. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातल्या एका शाळेचा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला. वर्गावर्गात डिजिटल फळे बसवायचे होते. प्रस्तावाला रंगीत पुस्तिका जोडलेली. फळ्यापुढे हात वर केलेली मुलं. फी इतकी वाढणार, तीत हप्ता बसणार, हे गणित चोख होतं. मी तारण तपासलं, इमारतीचे कागद तपासले, विश्वस्तांचे जामीन घेतले आणि शिफारस केली. एक प्रश्न विचारला नाही: हे फळे वापरणार कोण? दोन वर्षांनी पाहणीला गेलो तर फळ्यांवर चादरी घातलेल्या होत्या, धूळ बसू नये म्हणून. शिपाई म्हणाला, ‘साहेब, शाळा तपासणीच्या दिवशी काढतो.’ कर्ज मात्र वेळेवर फिटलं. बँकेच्या दप्तरी ते खातं आदर्श आहे. वाढीव फी भरणाऱ्या त्या बापांची वही कुणी ठेवली नाही, मीही नाही. म्हणून सांगतो, परतफेड झाली म्हणजे प्रस्ताव चांगला होता असं नसतं.

हॉलमधली सहावी पिच एका तिशीतल्या मुलीची होती. नालासोपारा पूर्वेला गाळा घेऊन ती सातवी-आठवीचा गणिताचा क्लास चालवते. मुलं ४३. पण स्लाइडवर होतं: तीन वर्षांत एक लाख वीस हजार विद्यार्थी, पाच राज्यं, स्वतःचं ॲप. मी तिला दहापैकी तीन दिले. रविवारी सकाळी ती माझ्या ओट्यावर हजर, रागानं लाल.

‘काका, ज्यांनी उभ्या जन्मात पोराला शिकवलं नाही त्यांना तुम्ही चार दिले. मी रोज चार तास शिकवते, मला तीन?’

‘अगं, त्यांनी माहीत नसलेलं खोटं सांगितलं. तू माहीत असलेलं खरं लपवलंस. तुझा गुन्हा मोठा.’

‘मग काय सांगायचं होतं? त्रेचाळीस? हसले असते सगळे.’

‘हसू दे की. आधी सांग, हे त्रेचाळीस कोण?’

इथून पुढचे तीन रविवार आम्ही तिची पिच सुधारत बसलो. सुधारणं म्हणजे अठरा स्लाइडच्या पाच करणं. त्यात जे निघालं ते इथे सांगतो, कारण मला वाटतं शिक्षणाच्या कुठल्याही पिचची चाचणी एवढ्यावर होते.

पहिलं, पैसे. महिना फी ९००. त्रेचाळीस मुलं, म्हणजे ३८,७००. गाळ्याचं भाडं १४,०००, मदतीला दोन ताया मिळून १२,०००, वीज-झेरॉक्स २,५००. कागदावर १०,२०० उरतात. हे तिच्या पिचमध्ये होतं आणि ते बाराने गुणलेलं होतं. मी वसुलीची वही मागितली. दहा तारखेच्या आत फी देणारी ३१. म्हणजे २७,९०० जमा, आणि महिन्याला ६०० खिशातून. शिवाय मे महिन्यात अर्धा नालासोपारा गावी जातो, गाळ्याचं भाडं जात नाही. हा हिशेब मांडताना तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, हीच तुझी पहिली स्लाइड.

दुसरं, गळती. जूनमध्ये तिच्याकडे ४३ मुलं होती, डिसेंबरातही ४३. तिला वाटत होतं कुणीच गेलं नाही. मी म्हटलं, नावं लाव. लावली तेव्हा कळलं, जूनच्या त्रेचाळिसांतली डिसेंबरात उरली २६. सतरा गेली, सतरा नवी आली, फळ्यावरचा आकडा तोच राहिला. बायजूज असो की गाळा, फसवणूक इथेच मुरते, आणि बहुतेक वेळा फसणारा पहिला माणूस फाउंडरच असतो. मी तिला त्या सतरा घरी पाठवलं. आठवड्यानं ती परत आली. सहा कुटुंबांचा भाडेकरार संपला होता, ती पेल्हारकडे, कुणी विरारच्या टोकाला गेली. पाच घरी फी झेपली नाही. दोन मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसल्या होत्या. आणि चार घरांत आई म्हणाली, ‘मॅडम, त्याला काही समजतच नव्हतं, म्हणून नाही पाठवला.’ हे चार तिला लागले. लागायलाच हवेत. सहा ही बाजारपेठेची जात, पाच हा किमतीचा प्रश्न, दोन हा समाजाचा. चार हा तिच्या मालातला दोष. आता असं सांगणारी पिच मला बीकेसीतल्या कुठल्या काचेच्या खोलीत ऐकू आली तर मी माझी पेन्शन तिथे ठेवीन.

तिसरं, शिकणं. तिच्याकडे युनिट टेस्टचे गुण होते, तिनंच काढलेल्या पेपरचे, तिनंच तपासलेले. बँकेत याला ‘स्वतःच स्वतःचं मूल्यांकन’ म्हणतात आणि ते ग्राह्य धरत नाहीत. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना विनंती करून साधी चाचणी घेतली: वाचन, हातच्याची वजाबाकी, भागाकार. सातवी-आठवीच्या त्रेचाळिसांत एकोणीस जणांना भागाकार येत नव्हता. आणि ती त्यांना बीजगणित शिकवत होती. यात तिचा एकटीचा दोष नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल हेच वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय: २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी ४२.८ टक्के होती. आमचं नालासोपारा ग्रामीण नाही, पण ज्या गावांचा हा अहवाल आहे त्याच गावांतून ते रोज भरतं.

आणि यावर काय चालतं हे माहीतही आहे, तेच तर संतापजनक. मुंबईत आणि बडोद्यात २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ नावाचा प्रयोग तोलून-मापून झाला. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास त्यांच्या पायरीवरून शिकवणार. मुलांचे गुण खरोखर वाढले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या संशोधनात होते, त्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. ज्यांना संगणकच हवा त्यांच्यासाठीही पुरावा आहे: दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ची ६१९ मुलांवर चाचणी झाली, साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक फरक पडला. पण तिथे मुलं घरी फोन घेऊन बसली नव्हती. केंद्रात येत होती, पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास माणसासमोर. फरक पडला याचं कारण प्रत्येक मुलाला त्याला येतं तिथून पुढे नेलं, त्याच्या इयत्तेपासून नाही. पिचवाले या अभ्यासातला आकडा उचलतात आणि केंद्र, वेळ, माणूस गाळतात, कारण माणसाला पगार द्यावा लागतो आणि पगार ‘स्केल’ होत नाही.

चौथी ओळ परताव्याची. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. कुठल्या पिचमध्ये ‘परत केलेली फी’ असा रकाना पाहिलाय? मी पाहिला नाही. ज्या फाउंडरकडे तो आहे त्याला मी इतर काही न पाहता पाच गुण देईन.

आणि पाचवी ओळ: शिकवणाऱ्याला तुम्ही काय देता? तिच्या दोन ताया महिना सहा-सहा हजारांवर होत्या. ‘टीम’च्या स्लाइडवर मात्र तिचा, तिच्या इंजिनियर भावाचा आणि एका ‘सल्लागारा’चा फोटो. तायांचा नव्हता.

पाच ओळी, पाच कागद. आमच्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यात याहून कमी कागदांवर केवढं काम उभं राहिलं ते मी तिला सांगितलं, उपदेश म्हणून नाही, धंद्याची अक्कल म्हणून. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. आजचा फाउंडर इथे म्हणाला असता, ‘ग्राहकामध्ये जागरूकता कमी आहे’, आणि जाहिरातीला आणखी पैसे मागितले असते. त्या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तिला अंगणवाडी म्हटलं. पुढे कोसबाडला, गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. ‘गिऱ्हाईक का येत नाही’ याचं उत्तर त्यांनी गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काढलं. बाजारपेठेचा अभ्यास याला म्हणतात. १९७५ मध्ये देशाची बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडीच ठेवलं गेलं. स्केल, स्केल म्हणतात ना, ते हे.

तिसऱ्या रविवारनंतर ती अंधेरीला एका गुंतवणूकदाराकडे पाच कागद घेऊन गेली. माणूस सभ्य होता. त्यानं सगळं ऐकलं, गळतीच्या कागदाशी थांबला, दोन चांगले प्रश्न विचारले आणि म्हणाला, ‘इतकी प्रामाणिक पिच मी वर्षभरात ऐकली नाही. दहा हजार मुलं झाली की या.’ म्हणजे प्रामाणिकपणाला टाळ्या आणि पैसे पुन्हा त्या दोन वेण्यांच्या मुलीला. विरारच्या स्पर्धेचं बक्षीस कुणाला मिळालं हे सांगायचं राहिलं: मोबाइल चर्चगेटला असताना नालासोपाऱ्यातल्या पोराला शिकवणाऱ्या त्या ॲपला.

गुंतवणूकदारांना माझं सांगणं असं की तुम्हाला शिक्षणातून पैसा करायचा असेल तर जरूर करा, वाईट काही नाही. पण मग मुदत पोराची घ्या, स्वतःची नको. ते जमत नसेल तर टॅक्सीचे, किराण्याचे, चपलांचे ॲप पुष्कळ आहेत. पोरांच्या फोटोखाली तोच धंदा करू नका.

तिला लागत होते दोन लाख. भागाकार न येणाऱ्या एकोणिसांसाठी वेगळी वेळ, दोन्ही तायांचा पगार वाढवायला आणि मे महिन्याचं भाडं. चार वर्षांत फिटतील असे पैसे. गेल्या महिन्यात आम्ही दोघं एका पतपेढीत जाऊन बसलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला जामीन राहिलो नाही. कर्जविभागातला माणूस जामीन राहत नाही, कारण त्याला माहीत असतं पुढे काय होतं. त्या दिवशी राहिलो. सही करताना हात थरथरला, तो तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, व्याजदर पाहून.

अर्ज ती भरत होती. कर्जदाराचं नाव, पत्ता, उत्पन्न, जामीनदार. तारणाच्या रकान्याशी येऊन ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

‘काका, इथे काय लिहू?’

‘काय आहे तुझ्याकडे?’

तिनं क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक.